हवामानाची थाप कशी रचायची: पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी

पाऊस, थंडी, वादळ, ऊन यांवरच्या थापा हा जगभर खूप जुना आणि खूप आवडता प्रकार आहे, आणि त्यातल्या सगळ्यात कसलेल्या थापा अमेरिकेच्या मधल्या मैदानी पट्ट्यात, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी आणि उत्तरेकडच्या लाकूडतोड्यांच्या छावण्यांत सांगितल्या गेल्या. तिकडे ह्या प्रकाराला टॉल टेल म्हणतात. मला हा प्रकार मनापासून आवडतो, आणि लेखन-गटात किंवा मुलांच्या गोष्टींच्या कार्यक्रमात कुणी पहिल्यांदा असं काही लिहायला घेतलं की एक गोष्ट हमखास दिसते, ती म्हणजे माणूस सुरुवातच कल्पनेपासून करतो. ढगातून सोनं पडलं, वादळाला डोळे फुटले, सूर्य रुसून बसला वगैरे. ती परीकथा झाली, वाईट नाही, पण थाप नाही. थापेत जवळजवळ सगळं खरं असतं आणि एकच गोष्ट खोटी असते, आणि ती खोटी गोष्टसुद्धा त्या खऱ्या हवेच्या स्वभावाला धरून असते. हे नेमकं कसं जमवायचं ते खाली क्रमाने सांगतो.

पायरी १: आधी खरी हवा नीट माहीत करून घ्या

ही पायरी लोक गाळतात आणि तिथेच सगळं बिघडतं. उदाहरण घ्या गारांचं. कुणीतरी लिहितं, "आमच्याकडे नारळाएवढी गार पडली". लिहिणाऱ्याला वाटतं काय भारी फेकली, पण २३ जुलै २०१० ला साउथ डकोटातल्या व्हिव्हियन गावी पडलेली गार खरोखर मोजली गेली, तिचा व्यास जवळपास २० सेंटिमीटर आणि वजन साधारण ८८० ग्रॅम. म्हणजे सोललेल्या नारळापेक्षा मोठीच. तुमची थाप खऱ्यापेक्षा लहान निघाली तर उपयोग काय. वाऱ्याचंही तसंच, न्यू हॅम्पशायरमधल्या माउंट वॉशिंग्टनच्या शिखरावरच्या वेधशाळेत १२ एप्रिल १९३४ ला ताशी ३७२ किलोमीटरचा झोत नोंदला गेलाय. म्हणून ज्या हवेवर लिहायचंय तिचा खरा विक्रम काय आहे ते आधी बघा, थाप त्याच्या पलीकडून सुरू होते.

आणि नुसता आकडा नको, ती हवा चालते कशी तेही समजून घ्या. मी इथे चिनूक वाऱ्याचं उदाहरण पूर्ण उलगडून सांगतो कारण खरं आणि खोटं एकमेकांना किती चिकटून असतात हे शिकायला ह्याच्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. पॅसिफिक महासागराकडून दमट हवा येते, रॉकी पर्वत चढताना थंड होते, तिच्यातलं पाणी पाऊस-बर्फ होऊन पश्चिमेच्या उतारावरच पडून जातं, आणि वाफेचं पाणी होताना जी उष्णता सुटते ती हवेतच राहते. मग ही आता कोरडी झालेली हवा पलीकडच्या बाजूला खाली उतरते आणि उतरताना दाबली जाऊन दर किलोमीटरला जवळपास १० अंश सेल्सिअसने तापते. चढताना कमी थंड झाली, उतरताना जास्त तापली, म्हणून मोंटाना, अल्बर्टाच्या गोठलेल्या मैदानावर भर जानेवारीत एकदम उबदार वारा येऊन आदळतो आणि गुडघाभर बर्फ बघता बघता नाहीसा होतो, बराचसा तर वितळून न वाहता सरळ वाफ होऊन जातो. तिकडचे लोक ह्या वाऱ्याला बर्फखाऊ म्हणतात.

आता आकडे बघा. २२ जानेवारी १९४३, साउथ डकोटातलं स्पिअरफिश गाव, सकाळी साडेसात वाजता उणे २० अंश सेल्सिअस. ७ वाजून ३२ मिनिटांनी अधिक ७. दोन मिनिटांत २७ अंशांचा फरक! नऊ वाजेपर्यंत पारा १२ वर गेला, मग वारा पडला आणि पुढच्या २७ मिनिटांत परत उणे २०, खिडक्यांच्या काचा तडकल्या. मोंटानातल्या लोमा गावी १४-१५ जानेवारी १९७२ ला २४ तासांत उणे ४८ वरून अधिक ९ झालं होतं. हे सगळं नोंदलेलं आहे, ह्यात एक अक्षर थापेचं नाही. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाला थाप मारायला फार लांब जावं लागत नाही, एक पाऊल पुढे टाकलं की झालं.

पायरी २: एकच गुण निवडा आणि तेवढाच ताणा

चिनूकवरची तिकडची सगळ्यात प्रसिद्ध थाप अशी. एक माणूस बर्फावरच्या घोडागाडीतून, म्हणजे चाकांऐवजी खाली लांब पट्ट्या असतात ती, घरी निघाला आणि मागून चिनूक आला. त्याने घोड्यांना चाबूक लावला, वारा काही पाठ सोडेना. घरी पोचेपर्यंत हाल असे की घोडे पोटापर्यंत बर्फात, गाडीच्या पुढच्या पट्ट्या बर्फावर, मागच्या पट्ट्या चिखलात आणि गाडीमागून येणारा कुत्रा पोहत होता.

ह्यात ताणलंय काय ते शोधा. वाऱ्याचा वेग नाही, तापमान नाही, बर्फाची खोलीही नाही. चिनूकची एक खरी खासियत आहे की गार हवा आणि उबदार हवा यांच्यामधली सीमा फार तीक्ष्ण असते, गावाच्या एका टोकाला थंडी आणि दुसऱ्या टोकाला ऊब असं खरंच होतं. थापाड्याने ती सीमा आवळून आवळून एका गाडीच्या लांबीएवढी केली. बस. बाकी घोडे घोड्यांसारखे वागतात, चिखल चिखलासारखा आहे, कुत्राही बोलत नाही की उडत नाही, पाणी आलं म्हणून पोहतो.

म्हणून लिहायला बसताना कागदावर त्या हवेचे गुण लिहून काढा, चार-पाच तरी, आणि त्यातला एकच उचला. दोन ताणले की वाचकाला पाय टेकवायला जागा राहत नाही. नेब्रास्कातल्या फेबोल्ड फेबोल्डसन नावाच्या थापनायकाच्या गोष्टी १९२३ पासून तिथल्या एका छोट्या गावच्या पेपरात येऊ लागल्या, त्यात एक पट्ट्यापट्ट्यांच्या हवेचं वर्ष आहे, एका पट्ट्यात रखरखीत ऊन आणि शेजारच्या पट्ट्यात धो धो पाऊस. उन्हाच्या पट्ट्यातला मका शेतातच फुटून लाह्या झाल्या, पावसाच्या पट्ट्यातल्या उसाचा पाक वाहून आला, दोन्ही मिसळून भलामोठा लाह्यांचा लाडू टेकडीवरून गडगडत खाली. वरवर वाटतं इथे ऊन आणि पाऊस दोन्ही ताणलेत, पण नाही, इथेही ताणलीय ती सीमाच. अर्ध्या रस्त्यावर पाऊस आणि अर्धा कोरडा हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं, म्हणून ते पटतं.

पायरी ३: खोट्याचे परिणाम खरे असू द्या

एकदा खोटी गोष्ट मांडली की तिच्यापुढे तुमची मनमानी संपली. आता काय होईल हे त्या गोष्टीने ठरवायचं. थापेचा खरा मजा इथेच असतो असं माझं ठाम मत आहे.

लाह्यांचंच बघा, कारण ही थाप अनेक रूपांत फिरलीय. उन्हाळा इतका कडक की शेतात उभा मका फुटला. ठीक. मका का फुटतो? दाण्याच्या आत थोडं पाणी असतं, त्याची वाफ होते, साधारण १८० अंशांना टरफल फाटतं. म्हणजे उष्णतेने फुटणं खरं, फक्त उष्णता उन्हाची. (जगातलं सगळ्यात जास्त नोंदलेलं हवेचं तापमान ५६.७ अंश, कॅलिफोर्नियातली डेथ व्हॅली, १० जुलै १९१३, तेव्हा अजून बरंच अंतर बाकी आहे.) पुढे? पांढऱ्या लाह्या हवेत उडून खाली पडू लागल्या. पुढे? कुरणातल्या जनावरांना वाटलं बर्फ पडतोय. आणि शेवट असा की ती जनावरं त्या भर उन्हाळ्यात गारठून मेली. बघा, पहिली पायरी उष्णतेची आणि शेवट थंडीचा, पण मधली एकही पायरी गाळलेली नाही, म्हणून ऐकणारा हसत हसत शेवटपर्यंत सोबत चालत जातो.

दुसरं उदाहरण गोठलेल्या शब्दांचं, आणि हे फारच जुनं आहे. थंडीत बोललेले शब्द हवेतच गोठतात आणि उन्हाळ्यात वितळून ऐकू येतात, असल्या शहराची गोष्ट ग्रीक लेखक प्लुटार्कने सुमारे १९०० वर्षांपूर्वी दिलीय आणि तीही आधीच्या कुणाची म्हणून. १७८५ साली बॅरन मुंखहाउझेनच्या थापांचं पुस्तक निघालं त्यात घोडागाडीवाल्याचं शिंग वाजवायला जावं तर सूर फुटत नाही, आणि खानावळीत चुलीजवळ टांगलं की आत गोठलेलं गाणं आपोआप वाजायला लागतं. (मुंखहाउझेन हा खरा माणूस होता, १७२० ते १७९७, रशियाच्या सैन्यात राहिलेला, त्यामुळे थंडी त्याने खरी पाहिलेली.) मग तीच कल्पना अमेरिकन लाकूडतोड्यांच्या छावणीत गेली, पॉल बन्यन नावाच्या थापनायक लाकूडतोड्याच्या गोष्टींत, तिथे हिवाळाभर सगळ्यांचं बोलणं गोठून पडलं आणि वसंतात एकदम वितळल्यावर असा कल्ला झाला की कुणाला कुणाचं ऐकू येईना. प्रत्येक ठिकाणी परिणाम वेगळा काढलाय कारण जागा वेगळी. खानावळीत एक शिंग, छावणीत शेकडो माणसं. तुम्ही जुनी कल्पना उचलली तरी हरकत नाही, ह्या प्रकारात तसंच चालत आलंय, पण परिणाम मात्र तुमच्या जागेचा काढा.

कल्पना एका हवेतून दुसऱ्या हवेत नेताना ती तिथे जास्त शोभते का तेही बघावं. मुंखहाउझेनच्या पुस्तकात बर्फ इतका खोल की तो रात्री घोडा एका खुंटाला बांधून झोपतो, सकाळी बर्फ वितळलेला आणि घोडा चर्चच्या कळसाला लटकतोय, तो खुंट म्हणजे कळसाचं टोक होतं. छान आहे, पण एका रात्रीत तेवढा बर्फ गेला कसा ह्याचं उत्तर तिथे जरा घाईत उरकलंय. हीच गोष्ट पुढे चिनूकच्या मुलखात सांगितली जाऊ लागली आणि मला ती तिथलीच जास्त आवडते, कारण तिथे उत्तर तयारच आहे, रात्री चिनूक आला.

पायरी ४: रोजच्या वस्तू आणा, आवाज सपाट ठेवा

अचाट गोष्ट साध्या भाषेत सांगायची. "भयंकर, प्रचंड, न भूतो न भविष्यति" असले शब्द सगळे काढून टाका, ते थापेचे शत्रू आहेत, सांगणारा स्वतःच थक्क झाला तर ऐकणाऱ्याने काय करायचं. कॅन्सस-टेक्सासकडची वारा मोजायची थाप घ्या: खांबाला लाकडं ओढायची जाड लोखंडी साखळी बांधा, साखळी आडवी होऊन ताठ उभी राहिली तर झुळूक समजायची, टोकाच्या कड्या तुटून उडायला लागल्या तर आज जरा वारा आहे म्हणायचं. सगळं वजन त्या "जरा"वर आहे.

वस्तू सांगणाऱ्याच्या कामातली हवी. लाकूडतोड्यांच्या थापांत कुऱ्हाड, बैल, स्वयंपाकी, कॉफी येते, गुराख्यांच्या थापांत खोगीर आणि घोडा. पेकॉस बिल नावाचा गुराखी, १९२३ साली एका मासिकातून पहिल्यांदा छापून आला, तो ओक्लाहोमात चक्रीवादळावर खोगीर न घालता बसला, कारण गुराखी दुसरं काय करणार, वादळाने त्याला पाडायची खूप खटपट केली, जमलं नाही म्हणून शेवटी ते त्याच्याखाली पाऊस होऊन गळून गेलं, आणि तो कॅलिफोर्नियात जिथे आपटला तिथे खड्डा पडला, ती डेथ व्हॅली. ती खरंच समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली आहे. नकाशावर दाखवता येईल असा पुरावा शेवटी ठेवणं ही फार उपयोगी युक्ती आहे, जरूर वापरा.

एक छोटी गोष्ट सांगून पुढे जातो, पॉल बन्यन वगैरेंच्या सगळ्याच गोष्टी छावणीतल्या शेकोटीभोवती जन्मल्या असं समजू नका, बऱ्याचशा १९१० नंतर पेपरवाल्यांनी आणि १९१४ पासून एका लाकूड कंपनीच्या जाहिरात-पुस्तिकांनी वाढवल्या. त्यामुळे लिहून थाप रचणं कमी दर्जाचं आहे असं वाटून घ्यायचं कारण नाही.

पायरी ५: खालची भीती ओळखा

१९३० च्या दशकात ओक्लाहोमा, कॅन्सस, टेक्सासच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं पाऊस नाही, गवत नांगरून टाकल्यामुळे माती सुटी झालेली, आणि धुळीची वादळं. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी दुपारी धुळीची अशी भिंत आली की दिवसा काळोख झाला, त्या दिवसाला काळा रविवार म्हणतात. लाखो लोक घरदार सोडून गेले. आणि ह्याच लोकांत ही थाप चालायची: शेतकऱ्याच्या डोक्यावर पावसाचा एक थेंब पडला, धक्क्याने तो बेशुद्ध झाला, तोंडावर दोन बादल्या धूळ मारली तेव्हा कुठे शुद्धीवर आला. किंवा अशी की बिळं करून राहणारे छोटे प्राणी जमिनीपासून वर, हवेतल्या धुळीत बीळ खणताना दिसले.

ह्या गोष्टी त्यांनी स्वतःविषयी सांगितल्या, म्हणून त्या चालल्या. ज्याच्या अंगावर हवा आली त्यालाच तिच्याविषयी थाप मारायचा हक्क जास्त, असं मला मनापासून वाटतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, पण त्या पुरात शेकडो माणसं गेली, त्यावर बाहेरच्या माणसाने गंमत करू नये. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं, पहिल्या गाडीत १० वॅगन, ५ लाख लिटर, हे दुसऱ्या देशातल्या माणसाला सांगितलं तर थापच वाटेल, पण ते हंड्यांच्या रांगेत उभं राहिलेल्या लातूरकराने सांगावं. मेलेली माणसं, गेलेली घरं थापेत आणायची नाहीत. गैरसोय, कंटाळा, चिकाटी, हे आणायचं.

आणि एक गोष्ट आजच्या काळात फार महत्त्वाची आहे, थाप कधीही बातमीच्या किंवा इशाऱ्याच्या रूपात लिहू नका. "हवामान खात्याचा रेड अलर्ट" अशी सुरुवात करून गंमत केली आणि कुणी ती व्हॉट्सअ‍ॅपवर अर्धीच पुढे ढकलली तर कुणीतरी खरंच घाबरेल, किंवा पुढच्या खऱ्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करेल. थाप पूर्ण वाचली की थाप आहे हे कळलंच पाहिजे.

पायरी ६: आता आपल्या हवेवर

आपल्याकडे कच्चा माल भरपूर आहे. पावसाच्या नक्षत्रांना पंचांगात वाहनं असतात, बेडूक, म्हैस, हत्ती, गाढव, आणि "पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा" म्हणजे पीक इतकं की कुत्रासुद्धा भाताला तोंड लावेना, ही तर सहा शब्दांची तयार थाप आहे. मी एक करून दाखवतो, आंबोलीच्या पावसावर.

खरे गुण लिहू: धुकं, कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरतं, काडी पेटत नाही, लाकडी दारं फुगतात, भिंतीवर शेवाळ. बेडूक भरपूर, एक टोडची जात तर आंबोलीच्याच परिसरातली आहे. ह्यातला एकच गुण उचलतो, कपडे वाळत नाहीत.

आजीने आषाढात आजोबांचा सदरा पडवीतल्या दोरीवर टाकला. नागपंचमीला बघितला तर ओला. (इथपर्यंत शंभर टक्के खरं.) गणपतीत बघितला तर कॉलरला शेवाळ आलेलं, आजी म्हणाली राहू दे, हिरवा रंग त्यांना शोभतो. नवरात्रात खांद्यावर नेचे उगवले. दसऱ्याला सदरा काढायला गेले तर खिशात बेडूक. आजोबांना तालुक्याला जायचं होतं आणि दुसरा सदरा नव्हता, तो दोरीवर दुसऱ्या टोकाला होता आणि त्याची अवस्था ह्याच्यापेक्षा वाईट, म्हणून तसाच घातला. बेडूक पाऊस यायच्या आधी ओरडायचा, त्यामुळे आजोबांना बाजारात सगळ्यांच्या आधी कळायचं. पुढच्या वर्षी गावातले चार जण भात लावायच्या आधी खिशाला विचारून गेले. आजोबांनी नंतर छत्री घेतलीच नाही.

बघा, बेडूक बोलत नाही. पाऊस यायच्या सुमाराला बेडूक ओरडतातच. आजी वैतागत नाही, थक्क होत नाही. सण क्रमाने येतात, कारण आपल्याकडे पावसाळा सणांवरच मोजला जातो, आणि त्यामुळे प्रत्येक सणाला खोटं थोडं थोडं वाढवता येतं. विदर्भातला कुणी असेल तर त्याने गच्चीवरच्या पापड-कुरडयांपासून सुरुवात करावी, चंद्रपूर-ब्रह्मपुरीला मे महिन्यात ४५-४६ अंश म्हणजे रोजचंच, वाळत घातलेले पापड भाजूनच खाली आले इथपासून पुढे काय काय होतं ते तिथल्या माणसालाच सुचेल, मला नाही सुचणार.

पायरी ७: तपासणी आणि सांगणं

लिहून झालं की खोटं वाक्य झाकून बाकीचं वाचा. उरलेलं साधं, खरं, त्या गावचं वर्णन वाटलं पाहिजे. नसेल तर अजून कुठेतरी दुसरी कल्पना घुसलीय, ती काढा. मग मोठ्याने वाचा, कारण हा मुळात तोंडी प्रकार आहे. विस्कॉन्सिनमध्ये बर्लिंग्टन गावात १९२९ पासून थापाड्यांचा एक क्लब आहे, दरवर्षी सगळ्यात चांगल्या थापेला बक्षीस देतात, आणि तिथे बऱ्याच थापा एक-दोन वाक्यांच्याच असतात, तेव्हा लांबीची काळजी करू नका. पहिली थाप दीडशे-दोनशे शब्दांत बसवा.

सांगताना हसायचं नाही, घाईही नाही. कुणी मध्येच "काहीतरीच काय" म्हणालं तर थाप मोठी करू नका, उलट एक बारीक खरा तपशील द्या, दोरी कुठली होती, सदरा कुठल्या कापडाचा होता. शेवटचं वाक्य झालं की थांबा, समजावून सांगू नका. आणि पहिल्यांदा ती त्याच गावच्या, तोच पाऊस खाल्लेल्या माणसाला ऐकवा, तो "आमच्याकडे तर ह्याहून..." असं म्हणून स्वतःची सुरू करेल, तेव्हा वही काढून ती लिहून घ्या.